खोळ

माझ्या आधीची चार गेली,
म्हणून आईनं मला उकिरड्यावर ठेवलं
आणि मामीला मूठभर दादर देऊन परत विकत घेतलं.
नाव पडलं उखर्डू.
ज्याची नोंद माझ्या हातची नाही
असा माझा तेवढा एकच व्यवहार,
असं मी परवापर्यंत सांगायचो.

पुढं एकतीस वर्षं जळगावात, सराफ्यात,
थोरल्या शेठच्या पेढीवर मुनीम.
तिथं धूळ फेकत नसत.
कारागिरांचे हात धुतलेलं पाणी पिंपात,
पायपुसणं वर्षाकाठी भट्टीत,
केर दिवाळीआधी झेलाबाईला, बोली लावून.
ती नालीकाठी बसून घमेलं हलवायची, गोल, गोल,
माती जायची, पाणी जायचं,
तळाशी उरेल ते पाऱ्यानं धरायची.
"सोनं डोयाले दिसत नही, मुनीमजी,
हातले दिसस."

निमाई नावाचा पोरगा होता, बंगालकडचा.
डोक्याला तेल जरा जास्तच लावायचा
आणि खोलीवर जाऊन केस परातीत धुवायचा.
सापडला तेव्हा शेठ ओरडले नाहीत.
न्हावी बोलावला.
अकराही जणांची डोकी, मेच्या उन्हात, ओळीनं.
केस कागदात बांधून भट्टीकडे गेले.
न्हाव्याची मजुरी मी त्यांच्याच पगारातून कापली.
त्याच दुपारी बावीसच्या शिक्क्याखाली
विसाचं सोनं गल्ल्यावरून गेलं
फैजपूरच्या एका लग्नाला.
शेठच्या केसांकडे कुणी बघितलं नाही.
मीही नाही. मी घटीचा रकाना भरत होतो.
माझं अक्षर सुरेख आहे.

लोक म्हणायचे, उखर्डूनाना म्हणजे धुतला तांदूळ,
कण उचलला नाही कधी.
शेवभाजीच्या हॉटेलात कुणी असं म्हणालं
तर मी घास थोडा वेळ तसाच हातात धरायचो.

मग थोरले गेले.
धाकट्यांनी काच बसवली, एसी बसवला,
बैठक काढून टाकली.
"काका, काही हवंय आठवण म्हणून?"
मी म्हणालो, माझ्या गादीची खोळ.
ते हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले,
ड्रायव्हरला म्हणाले, घरपोच दे.

आठ महिने ती कपाटावर होती.
बायको म्हणाली, धुऊन टाकते.
मी म्हणालो, धुवायची नाही.
का, ते तिनं विचारलं नाही.
मीही विचारलं नाही, मला.

एका रविवारी घडी काखेत घेऊन
झेलाबाईच्या दारात उभा राहिलो.
तिनं काही न बोलता जाळली,
राख चाळली, घमेलं हलवलं,
पारा, तेजाब, शेवटी मूस.
दीड गुंज निघालं.
दादरीच्या अर्ध्या दाण्याएवढं.
साठ रुपये मजुरी घेतली तिनं
आणि गोळी तळहातावर धरून म्हणाली,
"हाई कोनं शे, मुनीमजी?"

तिला कदाचित एवढंच हवं होतं,
पुडीवर नाव कुणाचं घालायचं.

शेठचं म्हणावं, तर खोळ त्यांनीच दिली.
माझं म्हणावं, तर त्यांनी खोळच दिली.
निमाईच्या कानशीतून उडालेलंही असेल त्यात,
फैजपूरच्या त्या नवरीचंही असेल काही.
आणि मी तिथं एकतीस वर्षं
नुसता बसलो होतो.

गोळी आता काडेपेटीत आहे,
बीपीच्या गोळ्यांच्या डब्यामागे.
परत देऊन टाकू म्हणून तीनदा चपला घातल्या.

सकाळी पेपर येतो.
पूर्वी मी आधी निधनवार्ता वाचायचो.
आता भाव बघतो.
काल तोळ्यामागे एकशेदहानं उतरला,
तर दिवसभर
जेवण गेलं नाही.